मूळ फाईल कोणाच्या घरी

आमच्या धंद्याचा कॉम्प्युटर सकाळी उघडला की सगळ्यात वर एक लाल ओळ दिसायची. 'मोठा मांडव. वारूळवाडी. घरचे कार्य. परत आलेला नाही.' ही ओळ माझ्या मुलीच्या लग्नाची. मांडव परत आला नाही, कारण तो गेलाच नव्हता. ती ओळ काढणं एका मिनिटाचं काम होतं, पण मी ती जवळजवळ वर्षभर काढली नाही. आम्हा तिघा भागीदारांची फाईल एकच, त्यामुळे ती लाल ओळ तिघांनाही रोज दिसायची. माझी इच्छाही तीच होती.

मी मांडववाला. सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे एक ताडपत्री होती आणि बांबू दुसऱ्याचे. आता वारूळवाडीत माझं दुकान आहे, आणि लोखंडी पाइपांचा एक मोठा मांडव आहे, ज्याच्याखाली अख्खं गाव जेवायला बसतं. हे सगळं मी घासाघीस करून उभं केलं. दुकानदार सांगेल तो भाव मी आयुष्यात कधी दिलेला नाही, आणि माझा भाव कोणी पाडला तर मला रात्री जेवण जात नाही.

दुसरा भागीदार माझा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो पिंपळवंडीचा. खुर्च्या आणि स्टेज त्याचं, शिवाय टोमॅटोच्या रोपांची रोपवाटिका. मोठा मांडव ठेवायला माझ्याकडे जागा नाही म्हणून तो त्याच्याच गोदामात असतो. तिसरे शिनोलीचे शेठ. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आले, पण शेठ बोलतात आमच्यासारखं आणि चिडतात आमच्यापेक्षा हळू. त्यांचा भांड्यांचा व्यापार, स्वयंपाकाची मोठी पातेली भाड्याने देतात. तिघांचं सामान मिळून एक लग्न होतं, म्हणून आम्ही एकत्र आलो. पण कोणाकडे कोणत्या तारखेला काय ठरलं हे तिघांनाही कळायचं नाही. फोन करायचा तर साडू शेतात, शेठ जेवायला, आणि मी कोणाशी तरी भांडत असायचो.

कॉम्प्युटरवर करू असं ठरलं आणि पुण्याहून एका कंपनीचा माणूस आला. त्याने सर्व्हर लागेल असं सांगितलं.

"सर्व्हर म्हणजे काय?"

"एक वेगळा कॉम्प्युटर, सर. तो फक्त तुमची माहिती सांभाळेल."

"त्याच्यावर कोणी काम करणार?"

"नाही सर. तो कायम चालू राहील."

"म्हणजे नुसता बसून राहणार आणि भाडं आम्ही द्यायचं."

तो माणूस हसला. मी हसलो नाही. सर्व्हर घेऊ नका असं आमच्या कंपनीत कोणाला सुचवत नाहीत, असं तो म्हणाला. विकणाऱ्याने सुचवलेली वस्तू मी कधी घेतलेली नाही. चहा पाजून त्याला एसटीत बसवून दिलं.

मग नारायणगावात कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या मॅडम भेटल्या. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "भाव होणार नाही. पण सर्व्हरही लागणार नाही." दुसरं वाक्य ऐकून मी पहिलं सोडून दिलं. त्यांची रीत सोपी होती. तिघांच्या दुकानात कॉम्प्युटर आहेतच. त्यातल्या एकात मूळ फाईल ठेवायची आणि तो चालू ठेवायचा. बाकी दोघांनी इंटरनेटवरून त्याच फाईलमध्ये पाहायचं आणि त्यातच लिहायचं. प्रत्येक कॉम्प्युटरला मूळ फाईलचा पत्ता सांगून ठेवायचा, बस.

मॅडमनी प्रोग्राम बनवला आणि तो चांगला बनवला. तारीख टाका, सामान निवडा. दुसऱ्याने आधी घेतलं असेल तर प्रोग्राम नाही म्हणतो. सामान परत आलं की किती नग आले आणि तुटफूट काय ते लिहायचं. तारीख उलटूनही लिहिलं नाही तर ओळ लाल होते.

अडलं एकाच गोष्टीवर. मूळ फाईल कोणाच्या घरी?

शेठ म्हणाले, "माझ्याकडं इन्व्हर्टर आहे."

साडू म्हणाला, "माझ्याकडं इंटरनेटची लाइन फास्ट हाय."

मी म्हणालो, "मांडव माझा आहे."

मॅडम म्हणाल्या की कोणाकडेही ठेवा, काही फरक पडत नाही. त्यांना फरक पडत नव्हता. आमच्यात ज्याच्या घरी वस्तू, त्याच्या घरी माणसं येतात, आणि ज्याच्या घरी माणसं येतात त्याच्या शब्दाला किंमत असते. दोन संध्याकाळी आम्ही त्यावर बसलो. शेवटी साडूनेच भावकीच्या भांड्यांचा दाखला दिला.

आमच्याकडे भावकीची सामाईक भांडी असतात. हंडे, परात, मोठाली पातेली. ती कोणा एकाची नसतात, दरवर्षी पाडव्याला एका घरातून दुसऱ्या घरी जातात. नेणारा वाजतगाजत नेतो, देणारा हळदकुंकू लावून देतो. आणि देणारा एखादा झारा किंवा पळी मागे ठेवून घेतो, कारण घर एकदम मोकळं करायचं नसतं. तो झारा पुढे कधीतरी जातो किंवा जात नाही. कोणी विचारत नाही.

तशीच फाईल फिरवायची ठरलं. पहिलं वर्ष साडू, मग मी, मग शेठ. पाडव्याचा मुहूर्त मी सुचवला, हे साडू आता सगळ्यांना सांगतो. सुचवला होता. झारा ठेवून घ्या असं सुचवलं नव्हतं.

पहिलं वर्ष बरं गेलं, एक गोष्ट सोडून. फाईल घरी आल्यावर साडूने दुकानाची पाटी नव्याने रंगवली आणि खाली लिहिलं, 'मुख्य कार्यालय, पिंपळवंडी'. मी विचारलं तर म्हणाला, "पेंटरनं लिवलं राव, मला काय म्हाईत." पेंटरला मुख्य कार्यालय कुठून सुचणार? मी ते मनात ठेवलं.

पाडवा आला. त्या दिवशी मॅडमच्या घरी सण, त्या येणार नव्हत्या. महिन्याच्या एक तारखेला करू असं त्या म्हणत होत्या, पण आम्ही ऐकलं नाही. मग त्यांनी फोनवर तिघांना समजावलं. साडूने फाईलची कॉपी करून माझ्याकडे आणायची. मग त्याच्याकडची जुनी डिलीट करायची. मग साडूने आपल्या आणि मी माझ्या कॉम्प्युटरवर नवा पत्ता घालायचा. शेठना सकाळी काही करायचं नव्हतं. जुनी फाईल गेली की त्यांचा कॉम्प्युटर 'फाईल सापडत नाही' म्हणून ओरडेल, तेव्हा त्यांनी मॅडमना फोन करायचा, त्या पत्ता बदलून देतील.

"ओरडला नाही तर?" शेठनी विचारलं.

"ओरडणारच," मॅडम म्हणाल्या.

साडू नवा सदरा घालून पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. माझ्या बायकोने त्याच्यावर साखरेची गाठी ठेवली. गाठीची साखर सांडली आणि पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावण्याआधी पुसावा लागला. फाईल माझ्या घरी आली. मी पाटी रंगवली नाही. माझ्यात तेवढी समज आहे.

शेठचा कॉम्प्युटर ओरडला नाही. शेठनी फोन केला नाही. मला वाटलं मॅडमनी परस्पर केलं असेल. मॅडमना वाटलं आम्ही केलं असेल.

त्यानंतर महिनाभर सामान कमी पडायला लागलं. गोदामात खुर्च्या असायला हव्यात तेवढ्या नसायच्या. फाईलमध्ये आहेत, डोळ्यांना नाहीत. मी साडूला सरळ विचारलं, "नोंद न करता परस्पर कोणाला देता का?" तो म्हणाला, "पावणं, तोंड सांभाळा." मी सांभाळलं नाही. घरात आठवडाभर दोन बहिणी एकमेकींशी बोलत होत्या आणि त्यांचे नवरे बोलत नव्हते.

मे महिन्यात मुलीचं लग्न होतं. पाडव्यानंतर तारीख ठरली, त्या दिवशी पहिलं काम मी केलं ते मोठा मांडव फाईलमध्ये घालण्याचं. मुलगी शेजारी उभी होती. म्हणाली, "पप्पा, भाडं लावणार का मला?" मी म्हणालो, विचार करतो. तिच्या सासरची माणसं चाकणकडची, मोठ्या कार्यालयात लग्न करायचं म्हणत होती. मीच त्यांना अडवलं होतं. मांडववाल्याच्या मुलीचं लग्न दुसऱ्याच्या छताखाली होणार नाही, असं मी बैठकीत सगळ्यांसमोर बोललो होतो. व्याह्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या तोंडावरून ते मांडव बघूनच बोलणार असं दिसत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी टेम्पो पिंपळवंडीला पाठवला. ड्रायव्हरचा फोन आला. "भाऊ, गोदामात मांडव न्हाई."

"नीट बघ."

"मांडव काय सुई हाय का भाऊ? न्हाई."

मी गेलो. खरंच नव्हता. गोदाम एवढं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. साडू हजर होता, आमच्या घरच्या हळदीला निघालेला. त्याने सांगितलं, कालच शिनोलीहून गाडी आली होती, शेठच्या कॉम्प्युटरची छापील चिठ्ठी होती, हमालांनी भरून दिलं. साडूला वाटलं मीच मागवलं असेल. माझ्या मुलीच्या लग्नाचा मांडव मी शिनोलीला का मागवेन, हे त्याला वाटलं नाही.

शेठना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, माझ्याकडं तर तारीख मोकळी दिसत होती. पार्टी घरची आहे, मुलीचं लग्न आहे. देऊन टाकला."

"माझ्याही मुलीचंच आहे!"

"ते मला माहीत आहे. पण तुमचा मांडव तुम्ही नोंदवलाच नाही. मला वाटलं तुम्ही कार्यालय घेतलं."

मग मी मॅडमना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं. "जुनी फाईल डिलीट केली होती ना?"

मी साडूकडे पाहिलं. त्याने गोदामाच्या पत्र्याकडे पाहिलं.

"पाडव्याच्या दिवशी डिलीट कसं करायचं राव? वर्साचा पहिला दिस. म्हणलं दुसऱ्या दिवशी करू."

"मग?"

"मग ऱ्हायलं." आणि थोडं थांबून, "भांडी देताना झारा ठेवतोच की आपण."

म्हणजे त्याची जुनी फाईल त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जिवंत होती, आणि शेठचा कॉम्प्युटर महिनाभर तिच्यातच बघत होता, तिच्यातच लिहीत होता. आम्ही दोघं एका फाईलमध्ये आणि शेठ एकटे दुसऱ्या. खुर्च्या का कमी पडत होत्या तेही कळलं. साडू चोर नव्हता. याचा मला त्या क्षणी जास्तच राग आला.

तालुक्यातल्या दुसऱ्या मांडववाल्यांना फोन केले. दाट लग्नतिथ होती, सगळ्यांचं सामान बाहेर. एक जण, ज्याची मोठी कामं मी वर्षानुवर्षे भाव पाडून घेतली आहेत, तो म्हणाला, "तुमच्याकडं कॉम्प्युटर हाय ना राव? त्यात बघा की कुटं मांडव हाय का ते."

मी गाडी काढली आणि साडूला बसवलं. मांडव परत आणायचा, भांडण झालं तर होऊ द्यायचं, असं ठरवूनच निघालो. घोडेगाव गेलं, शिनोली आली. मांडव रस्त्यावरूनच दिसला. शेतात उभा होता, झालरी लावलेल्या. माझा असल्यामुळे सांगतो, चांगला दिसत होता.

आम्ही उतरलो तर नवरीचा बाप धावत आला. शेठनी माझ्याबद्दल आधीच सांगितलेलं असावं. "मालक सोता आले बघायला!" त्याने बायकांना हाक मारली, "ए, मांडवाचे मालक आल्यात, च्या टाका!" माझा हात धरून आत नेलं. "शेठ म्हणलं व्हतं मोठा हाय, पर येवढा मोठा? पावणं, आमच्या वाडीत असला मांडव कोणाच्या दारी पडला न्हाई."

मी तोंड उघडलं. समोर मुहूर्तमेढ होती. रोवलेली, आंब्याचा डहाळा बांधलेला, हळदकुंकू लावलेलं, बायकांनी नुकतीच पूजा केलेली. मेढ पुजल्यावर लग्न लागेपर्यंत मांडव उतरवत नाहीत. हे मला कोणी सांगायची गरज नाही. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना मीच सांगत आलो आहे, विशेषतः जे मेढ पुजल्यावर भाव पाडायला येतात त्यांना.

मी सगळ्या मांडवाला फेरी मारली. उत्तरेकडच्या कोपऱ्यातली दोरी सैल होती. ती आवळून दिली. साडू चहा पीत होता. दुसराही प्यायला.

परतताना गाडी मीच चालवत होतो. उद्या दुपारी वऱ्हाड येणार, आणि त्यांना मी काय दाखवणार होतो? मोकळं रान. घरी बायकोचा फोन येऊन गेला होता, मी उचलला नव्हता. मुलीचाही येऊन गेला, तोही उचलला नव्हता.

नारायणगावच्या अलीकडे साडू म्हणाला, "माझं शेड हाय."

"कुठलं शेड?"

"रोपवाटिकेचं. हिरव्या नेटचं. तुमच्या मांडवापेक्षा लांब हाय."

"त्यात रोपं आहेत."

"रोपं भाएर काढू."

मे महिन्यात ट्रेमधली कोवळी रोपं बाहेर काढली तर काय होतं हे टोमॅटो लावणाऱ्या कोणालाही माहीत आहे. त्या रात्री त्याच्या घरच्या सगळ्यांनी आणि माझ्या हमालांनी मिळून ट्रे बाहेर काढले. मी जमिनीवर मॅट अंथरली, खांबांना झालरी बांधल्या. मुलगी हळदीच्या अंगानेच बघायला आली. चारी बाजूंनी बघून म्हणाली, "पप्पा, हे छत दुसऱ्याचं नाही का?" मी म्हणालो, "काकांचं म्हणजे घरचंच." ते वाक्य माझ्या तोंडून निघालं याचा साडूने पुढे पुरेपूर वापर केला.

लग्न लागलं. हिरव्या नेटखाली सगळं हिरवं दिसतं हे आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. फोटोत नवरी हिरवी आहे, नवरा हिरवा आहे, भटजी हिरवे आहेत, आणि व्याही तर आजारी वाटतात. मंगलाष्टका चालू असताना शेडमधले फॉगर सुरू झाले. ते रोपांना थंड ठेवण्यासाठी टायमरवर असतात आणि बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. वरून बारीक धुकं पडायला लागलं. मला वाटलं, संपलं. पण बाहेर ऊन रणरणत होतं. व्याह्यांनी डोळे मिटून तोंड वर केलं आणि म्हणाले, "वा. असली सोय आमच्या चाकणच्या कार्यालयातपण नाही." अक्षता ओल्या झाल्या आणि सगळ्यांच्या डोक्याला चिकटल्या.

तेव्हापासून माझी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. ज्याने फाईल डिलीट केली नाही त्याचं नाव झालं. नातेवाइकांत कुठेही गेलो की ऐकायला मिळतं, "साडू व्हता म्हणून लग्न झालं." साडू होता म्हणून मांडव गेला, हे कोणी म्हणत नाही. वर दोन पार्ट्यांनी फॉगरवालं शेड भाड्याने मागितलं. ते त्याने दिलं, आणि त्याची नोंद आमच्या सामाईक फाईलमध्ये नाही, कारण शेड त्याचं स्वतःचं आहे. बाहेर काढलेली बरीच रोपं करपली. ती त्याने मला एकदाही ऐकवली नाहीत. लोक तेही त्याच्याच बाजूने मोजतात.

म्हणून मी ती लाल ओळ ठेवली. सकाळी कॉम्प्युटर उघडला की पिंपळवंडीत दिसेल, शिनोलीत दिसेल. शेठनी एकदा विनंती केली, एकदा मॅडमनी. साडू दर आठवड्याला फोन करायचा.

"पावणं, ती लाल वळ काढा राव. सकाळी सकाळी डोळ्यात जाती."

"काढतो. व्याह्यांसमोर सांगा की फाईल तुमच्याकडं राहिली."

"तुमच्यासमोर सांगतो."

"मला माहीतच आहे."

"बरं, शेठसमोर सांगतो."

"व्याह्यांसमोर."

"मग एक काम करा. व्याह्यांसमोर मी निम्मं सांगतो, निम्मं तुमी सांगा. पाडव्याचा मुहूर्त कुणी काढला ते."

इथे बोलणी थांबायची. तोही काही कमी नाही.

यंदाच्या पाडव्याला मुलगी माहेरी आली. फाईल त्या दिवशी हलवली नाही. पाळी आता एक एप्रिलला बदलायची, आणि मॅडमनी स्वतः येऊन डिलीट करायचं, असं ठरलं आहे. दुपारी जेवणं झाल्यावर मी दुकानात गेलो तर मुलगी माझ्या खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघत होती. मला वाटलं, काहीतरी वेगळं बघत असेल. ती लाल ओळ बघत होती.

"हे माझं आहे का?"

"हो."

"वर्ष होत आलं, पप्पा. तुम्ही माझं लग्न रोज सकाळी थकबाकीत दाखवताय."

"ते तुझ्या काकांसाठी आहे."

"नाव कोणाचं आहे त्यात? घरचे कार्य. घरचं म्हणजे माझं." ती सरकली नाही. तिने ओळीवर दाबलं. प्रोग्रामने विचारलं, किती नग परत आले? तिने शून्य लिहिलं. तुटफूट? तिने क्षणभर विचार केला आणि लिहिलं, काही नाही.

मी ओरडणार होतो. पण ती माझ्याकडे वळून बघत होती, आणि तिच्या आईसारखी बघत होती, तेव्हा मी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसलो. तिने बटण दाबलं. ओळ काळी झाली आणि खाली इतर लग्नांमध्ये जाऊन बसली. आता शोधायची म्हटलं तर तारीख घालावी लागते.

ती उठून आत गेली तोच फोन वाजला. साडूने सणाच्या दिवशीही कॉम्प्युटर उघडा ठेवला होता.

"पावणं, लाल गेली!"

"पोरीनं काढली," मी म्हणालो. "माझ्या मनातली अजून आहे."